झरोक्यातली काच

उद्या तुमचं तेरावं, आणि भिंतीला टांगायला तुमचा एक फोटो नाही. हिंगोलीत हे ज्याला सांगावं तो आधी हसतो आणि मग हसलो म्हणून ओशाळतो. मी म्हणते, ओशाळू नका, मलाही हसू येतं. अर्ध्या गावाची तोंडं तुम्ही काचेवर उतरवलीत. साखऱ्यापासून हट्ट्यापर्यंत गावोगाव लग्नांचे, पहिलवानांचे, बैलांचेसुद्धा फोटो काढलेत. स्वतःचा विषय निघाला की मात्र म्हणायचात, "कागद काहून वाया घालवायचा? मी काय गिऱ्हाईक हाय?"

आता झालात गिऱ्हाईक. बसा गुमान.

तुमच्या दोन काचा आहेत माझ्यापाशी. तुम्ही प्लेट म्हणायचात, मी पहिल्या दिवसापासून काच म्हणत आले, आणि शेवटी तुम्हीही काचच म्हणायला लागलात, तेव्हा तो शब्द माझा. काचा दोन, पण त्या मापाचा कागद डब्यात एकच उरला आहे. विलायतेकडची लढाई संपल्याशिवाय नवा माल नाही, असं नांदेडच्या व्यापाऱ्यानं सांगून ठेवलं आहे. म्हणजे फोटो एकच निघणार, आणि दोनांतला कोणता हे मला आज ऊन उतरायच्या आत ठरवायचं आहे. एरवी अशा गोष्टीवर आपलं चांगलं दुपारभर भांडण झालं असतं. आज ते मी एकटीच करते आहे, दोन्ही बाजूंनी. तुमची बाजू मला तोंडपाठ आहे, काळजी करू नका.

पहिली काच तुम्हाला आठवत असेल. तुमच्या थोरल्या भावांचा काळा कोट अंगात घालून बसला होतात, गळ्यापर्यंत बटणं लावून. कॅमेरा तुम्हीच लावलात, उजेड तुम्हीच बघितलात, मी फक्त भिंगावरची टोपी काढायची आणि घालायची. श्वास रोखून, हनुवटी वर करून असे बसलात, जणू समोर फौजदार उभा आहे. काच धुतल्यावर उजेडात धरून बघितलीत आणि खूश झालात. मिशीचा केस न् केस मोजून घ्यावा इतकी स्वच्छ. कोपऱ्यात सुईनं तुमची खूण केलीत. पोथीत ओवी संपली की दोन उभ्या रेघा असतात ना, तशा दोन बारीक रेघा. त्या रेघा म्हणजे पास. त्या असल्याशिवाय काच छापायची नाही आणि फोटो दुकानाच्या बाहेर जाऊ द्यायचा नाही, मग गिऱ्हाईक दारात लोळण घेईना का.

दुसरी काच या क्षणी माझ्या डोळ्यांसमोर आहे, स्वयंपाकघराच्या झरोक्यात. तिला खूण नाही. ती हललेली आहे.

हललेला फोटो म्हटलं की तुमच्या कपाळाला आठी पडायची. साखऱ्याच्या त्या बैलवाल्याची फजिती आठवते? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्हाला गाडीत घालून घेऊन गेला. घरातल्या कुणाचा नको, बायकोचा नको, स्वतःचा नको, फक्त बैलाचा फोटो पाहिजे म्हणाला. लाल रंगाचा, शिंगांना बेगड लावलेला देखणा बैल. नेमकी टोपी काढली आणि त्याच्या नाकावर माशी बसली. काच धुतली तर धड एक आणि तोंडं दोन. तो माणूस दुकानात आला, ओली काच उजेडात बघितली आणि नाचायचाच बाकी राहिला. "दोन तोंडाचा! आवो, पंचक्रोशीत कुनाकडं हाय का दोन तोंडाचा बैल? ह्योच द्या मला!"

"हललाय," तुम्ही म्हणालात.

"हलू द्या की! बैल माझा हाय. मला बराबर वाटतो."

"बैल तुमचा. फोटू माझा हाय."

मी पडद्याआडून किती खाणाखुणा केल्या, देऊन टाका म्हणून. माणूस एवढा आनंदात आहे, त्याच्या आनंदावर पाणी कशाला ओतायचं? तुम्ही ती काच त्याच्यादेखत गरम पाण्यात टाकून खरवडली. मग पुन्हा साखऱ्याला गेलात, ऊन होईपर्यंत थांबलात, माशा वारायला दोन गडी उभे केलेत, आणि एक तोंडाचा बैल काढून आणलात. अगदी शिंगावरची बेगड चमकते आहे असा. त्यानं तो फोटो घेतला आणि असं तोंड केलं, जणू कुणी त्याचा बैलच चोरला. तुम्ही रात्रीच्या जेवणाला बसलात तेव्हा मी म्हणाले, "एवढा खटाटोप करून गिऱ्हाईक नाराजच केलंत." तुम्ही म्हणालात, "त्याचा नातू बघंल तवा म्हनंल, आमचा बैल असा व्हता." मी म्हणाले, "नातवाला दोन तोंडांचा जास्त आवडला असता." तुम्ही भाकरी मोडत बसलात. ते भांडण तिथंच राहिलं, मिटलं नाही. अजून माझं म्हणणं तेच आहे.

खरं तर मला या धंद्यात ओढलं तुम्हीच. हट्ट्याहून लग्न होऊन आले तेव्हा चौथीपर्यंतचं मराठी आणि बरा स्वयंपाक एवढीच माझी पुंजी. पण बायका तुमच्यासमोर फोटोला बसायला तयार होईनात. गोषातल्या मुसलमान घरच्या तर नाहीच, पण देशमुख-पाटलांच्या घरच्याही नाहीत. तेव्हा तुम्ही ती युक्ती काढलीत. आधी खुर्चीवर मी बसायचं. तुम्ही काळ्या फडक्यात डोकं घालून मागच्या दुधी काचेवर माझा चेहरा नीट जुळवून घ्यायचा, सगळं घट्ट करून काच सरकवून द्यायची, आणि जाडा पडदा ओढून बाहेर जाऊन बसायचं. मग बाई आत येणार. मी तिला माझ्या जागेवर बसवणार, टोपी काढणार, मोजणार, टोपी लावणार.

पहिल्याच वेळी मी काय दिवे लावले ते तुम्ही गावभर सांगत सुटला होतात. तहसिलातल्या एका कारकुनाची सून आली होती, बरोबर तिची सासू. सासूदेखत सून खुर्चीवर बसेल कशी? तिनं हळूच पदर सावरला आणि खुर्चीशेजारी जमिनीवर बसली. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. मी बसले असते तरी तिथंच बसले असते. आणि मला वाटलं, खोलीत जे जे आहे ते सगळं त्या पेटीला दिसतं, आपल्याला दिसतं तसं. मी टोपी काढली, मोजलं, टोपी लावली. तुम्ही अंधाऱ्या खोलीत काच धुवायला गेलात आणि आतून असा काही हसण्याचा आवाज आला की रस्त्यावरचे लोक थांबले.

"अगं, खुर्ची लई झ्याक आली बघ! जरा बी हलली न्हाई!"

रिकामी खुर्ची, मागं रंगवलेल्या पडद्यावरचा महाल आणि कारंजं, आणि खाली कडेला सुनेचा नुसता भांग. मी रडकुंडीला आले होते. तुम्ही मला एक शब्द लावून बोलला नाहीत. एवढंच म्हणालात, "पुढल्या बारीला सासूला भाईर चहाला बसव." तेव्हापासून सासूला बाहेर चहाला बसवायचं हा आपल्या दुकानाचा नियम झाला, आणि सुनांचे चेहरे फोटोत असे मोकळे यायला लागले की लोकांना वाटलं आपण भिंग नवं आणलं.

एक गोष्ट मात्र तेव्हा तुम्हाला सांगायची राहिली. गावातल्या प्रत्येक बाईच्या फोटोआधी तुम्ही मला बघितलंत. भिंग पुढं घ्यायचं, मागं घ्यायचं, "हलू नको, डावी पापणी दिसून राहिली आता" म्हणायचं. माझी डावी पापणी माझ्या आईनंही एवढी निरखून बघितली नसेल. कुणाचं लग्न, कुणाचं बारसं, कुणाचा लेक परगावी चाललेला, सगळ्यांच्या निमित्तानं मी त्या खुर्चीवर बसले आणि तुम्ही मला बघत राहिलात. बारा दिवस झाले, घरात मला कुणी 'हलू नको' म्हणत नाही. हे लिहिताना रडू आलं. येऊ दिलं. आता पुढं लिहिते.

गोषातल्या बायांच्या काचा तुम्ही कधी बघितल्या नाहीत. शब्द दिलेला होता, फोटोवर पुरुषाची नजर पडणार नाही. म्हणून त्या धुवायला, छापायला तुम्ही मला शिकवलंत, पेन्सिलीनं काचेवरचा डाग झाकायलाही शिकवलंत. ते शिकवलंत आणि पस्तावलात. कापडवाल्या चाचांच्या बीबींना देवी येऊन गेलेल्या, गालांवर वण होते. त्यांचा मुलगा नोकरीला हैदराबादला निघाला होता, त्याच्यासाठी फोटो. टोपी काढण्याआधी माझा हात धरून म्हणाल्या, "बेटी, ये दाग मत लाना. इतना कर दे." मी दोन दुपारी पेन्सिल घेऊन बसले आणि सगळे वण पुसले. बीबींनी फोटो बघितला आणि मला छातीशी धरलं.

संध्याकाळी चहा पिताना मी तुम्हाला ते कौतुकानं सांगितलं. तुम्ही कप खाली ठेवलात.

"मंग त्यो फोटू कुनाचा झाला?"

"बीबींचाच की."

"लेकरू तिकडं तकलीफीत असंल, आईची याद येईल, पेटीतून फोटू काढंल. त्येला वण दिसाया पायजेत. त्या वणांनी त्येला लहानाचं मोठं केलं."

"लेकराला काय दिसावं हे आईनं ठरवायचं का तुम्ही?"

"फोटूनं ठरवायचं."

"फोटोला काय तोंड आहे का बोलायला?"

त्या दिवसापासून दर ईदेला बीबींकडून शीरखुर्म्याचं मोठं भांडं यायला लागलं. तुम्ही वाटीवर वाटी संपवायचात आणि तोंड भरलेलं असतानाच म्हणायचात, "तरी बी ते चुकलंच." मी म्हणायचे, मग ठेवा ती वाटी खाली. वाटी कधी खाली ठेवली नाहीत. या भांडणात मला इतकी मजा यायची, की ते मिटू नये म्हणून मीच दर ईदेला विषय काढायचे. हे तुम्हाला कळलं असणार. तुम्हीही कधी मिटवायला आला नाहीत.

पण त्यातून एक गोष्ट निघाली, आणि ती आजपर्यंत माझ्या मनात सलते आहे. बीबींच्या काचेवर तुमची दोन रेघांची खूण नव्हती. गोषातल्या कुठल्याच काचेवर नसायची. मी एकदा चिडून म्हणाले, "फोटो मी काढते, धुते, छापते, आणि माझ्याच काचा तेवढ्या बिनखुणेच्या?"

"न बघता पास कसं करू?"

"मग मी करते."

"कर की," तुम्ही म्हणालात. सुई उचलून माझ्या हातात दिलीत. "पर एक सांग. ह्यो फोटू तुला पटला का?"

"बीबींना फार आवडला."

"त्ये न्हाई इचारलं. तुला पटला का?"

मी सुई बोटांत फिरवत बसले. कारण मला माहीतच नव्हतं. मी काच कधी बघायचेच नाही हो, मी बायांची तोंडं बघायचे. फोटो हातात घेताना त्यांचं तोंड उजळलं की माझं काम झालं. तुम्ही सुई परत खोक्यात ठेवलीत आणि म्हणालात, "ज्या दिवशी कुनाला न इचारता म्हनशील, मला पटला, त्या दिवशी तुझी खूण कर. माझ्यासारखी नगं. तुझी येगळी." नंतरही कितीदा विचारलंत. मी दर वेळी गिऱ्हाइकाचं नाव पुढं केलं.

आता या झरोक्यातल्या काचेचं. त्या दिवशी मी हट्ट धरला की आज खुर्चीवर तुम्ही बसा, दुधी काचेतून मी बघते. तुम्ही बसलात. मी काळ्या फडक्यात डोकं घातलं तर तुम्ही उलटे. डोकं खाली, पाय वर, आणि धोतर तरी जागच्या जागी. मला हसू आवरेना.

"हासू नगं. भिंग माघं घे. आता काच सरकव. बराबर. आता मी सांगल्याबिगर टोपीला हात लावू नगं, आधी ध्यान देऊन आयक—"

आणि तुम्ही दोन्ही हात हवेत हलवून समजवायला लागलात. मी टोपी काढली. चुकून नाही, मुद्दाम काढली. तेव्हाही सांगितलं होतं, आज पुन्हा सांगते. काढली आणि बायांसमोर मोजते तशी शांतपणे मोजायला लागले. तुम्ही ओरडलात, "अगं काय करून राहिलीस, काच वाया जाईल!" आणि ओरडता ओरडता मध्येच तुम्हाला हसू फुटलं. गावाला हलू नका म्हणून दटावणारा माणूस खुर्चीवर गदागदा हलत होता. मी टोपी लावली.

काच धुतलीत. उजेडात धरलीत. एक तोंड रागवणारं, एक आ केलेलं, एक हसणारं, तिन्ही एकमेकांत मिसळलेली. हाताचं नुसतं धुकं. खुर्चीचे पाय आणि तुमचे पाय तेवढे स्वच्छ. "हललाय," म्हणालात, जसं बैलवाल्याला म्हणाला होतात. "खरवड आन् स्वयंपाकघराच्या झरोक्याला लाव. वारं येऊन राहिलं तिथून."

मी लावली. खरवडली मात्र नाही. तुम्ही जेवायला बसलात आणि वर बघितलंत.

"आँ? मला काहून टांगलं?"

"तुम्हीच म्हणालात झरोक्याला लाव."

तुमच्या आई, माझ्या आत्याबाई, चुलीपाशी बसल्या होत्या. त्यांनी डोळे बारीक करून निकाल दिला, "भाकरीकडं बघून राहिलाय. भूक लागली असंल." आणि तुम्ही झरोक्यातच राहिलात.

फोटोची काच म्हणजे सगळं उलटं. काळं ते पांढरं, पांढरं ते काळं. सकाळी परसातून ऊन यायचं आणि झरोक्यात तुम्ही उजळायचात, तोंड काळं, धोतर काळं आणि केस पांढरेशुभ्र. मी भाकरी थापताना बघायचे आणि मनात म्हणायचे, म्हातारपणी हे असे दिसणार तर. बरे दिसतील. चिडतील आणि हसतील, दोन्ही एकदमच. तुमचं म्हातारपण मला बघायला मिळणार नव्हतं, ते मी असं आधीच, रोज सकाळी, भाकरीबरोबर बघून घेतलं. माझी तक्रार नाही असं नाही. तक्रार पुष्कळ आहे. पण एवढं तरी बघितलं.

आज सकाळी थोरले भाऊ आले. तुम्हाला माहीत आहे, लग्न होऊन आल्यापासून मी त्यांच्याशी कधी थेट बोलले नाही आणि तेही माझ्याशी नाही. मी दाराआड, ते ओसरीवर, आणि आत्याबाई मध्ये.

"आई, तिला सांग, कोटातला फोटू काढ. पाव्हणे येनार हायेत. सायबावानी दिसतो त्यात."

"कोटातला काढ," आत्याबाई दाराकडे तोंड करून म्हणाल्या.

"आन् मिशीखाली कापल्याचा वण हाय, त्यो तेवढा पुसाया सांग. येतं तिला."

"वण पूस म्हनतोय," आत्याबाई म्हणाल्या. मग स्वतःचं म्हणून हळूच जोडलं, "मला बी कोटातलाच बरा वाटतो गं. नीट बसलाय लेकरू."

बघा, म्हणजे गिऱ्हाइकाचं म्हणणं अगदी सरळ आहे. दोघांनाही कोटातला हवा. माझं आजवरचं म्हणणं लावलं तर एक घटकासुद्धा विचार करायला नको, तोच छापायचा आणि वणही पुसायचा. आणि तुमचं म्हणणं लावलं, तरी तोच. स्वच्छ आहे, हललेला नाही, दोन रेघांचा पास आहे. आयुष्यात पहिल्यांदा आपण दोघं एका बाजूला आलो होतो. मी कोटातली काच घेतली, परसात गेले, छापायच्या चौकटीत बसवली. उन्हात छापायचा कागद, तेव्हा काळी खोली नको, सुतकात दुकानही उघडायला नको. कागदाचं पाकीट उचललं.

आणि माझा हात पुढं जाईना.

त्या काचेत मिशी होती, कोट होता, बटणं होती. मला तुम्ही सापडेनात. फार वेळ बघत बसले. आत्याबाईंना आवडेल का, भावांना आवडेल का, असलं काही डोक्यात आलंच नाही, आणि हे माझ्या फार उशिरा ध्यानात आलं. पहिल्यांदाच मी काच बघत होते. आणि मला पटत नव्हती.

मी उठले, स्वयंपाकघरात आले, पाटावर चढून झरोक्यातून तुम्हाला काढलं. काचेची कोरी बाजू, जिच्यावर चित्र नसतं ती, चुलीकडे होती म्हणून बरं, धुराचा थर ओल्या फडक्यानं निघाला. खोक्यातून सुई घेतली. दोन रेघा नाही काढल्या, त्या तुमच्या. कोपऱ्यात एक बारीक गोल उकरला. काचेवर तो दिसतो कोरा, पण कागदावर काळा उमटणार, टिकलीसारखा. कपाळावरचं कुंकू पुसलं, तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं. ही टिकलीही मी कुणाला विचारून लावली नाही.

मला पटला हो हा फोटो. ऐकलंत का? गिऱ्हाइकाला आवडो न आवडो, मला पटला. इतकी वर्षं विचारत होतात ते घ्या. तत्त्व तुमचं जिंकलं आणि फोटो माझा जिंकला, तेव्हा आता भांडायला तुमच्याकडे काही उरलेलं नाही. तरी भांडाल, खात्री आहे.

शेवटचा कागद चौकटीत घातला आणि उन्हात ठेवला. तुरीच्या पेंढ्यांना टेकून बसले आणि मधूनमधून चौकटीचं अर्धं झाकण उघडून बघत राहिले. आधी खुर्चीचे पाय आले, मग तुमचे. मग धोतर उजळ राहिलं आणि भोवतालचं सगळं सावळं होत गेलं. मग तुम्ही आलात, हळूहळू, हसत. केस काळे झाले. मी एकटीच परसात हसत होते. शेजारीण भिंतीवरून डोकावली आणि तशीच खाली गेली. तिला वाटलं असेल, हिचं डोकं फिरलं. फिरू द्या.

एवढं सकाळपासून थोडं थोडं करून लिहिलं. आता ऊन उतरलं आहे. फोटो धुऊन, वाळवून, चौकटीत घालून झाला आहे आणि थोरल्या भावांनी तो बघितला आहे, तेव्हा तेही सांगून टाकते.

"आई, तिला इचार, कोट कुठं गेला?"

आत्याबाई पुढं सरकल्या. त्यांनी फोटो हातात घेतला, नाकाशी नेला, दूर धरला, पुन्हा जवळ नेला. मला वाटलं, आता म्हणतील, हे काय केलंस बाई. तसंच काहीतरी त्यांच्या ओठावर आलंही होतं. मग त्यांचं बोट तुमच्या तिन्ही तोंडांवरून फिरलं.

"हललाय," त्या म्हणाल्या. "न्हाऊ घालताना बी असाच. एक घडी गप बसायचा न्हाई. सारं आंगण वलं करायचा." आणि त्या फोटोकडे बघून हसल्या. बारा दिवसांत पहिल्यांदा.

भावांनी फोटो त्यांच्या हातातून घेतला, कंदिलाशी नेला, खालपासून वरपर्यंत तपासला. त्यांना कोट काही सापडला नाही, पण कोपरा सापडला.

"आई, तिला सांग, हितं डाग पडलाय. पुसून घे म्हनावं."

आत्याबाईंनी दाराकडे तोंड केलं. पण त्यांनी काही सांगायच्या आत मी दाराआडून पुढं आले. डोक्यावरचा पदर होता तसाच होता. फोटोवाल्यानं गिऱ्हाइकाशी बोलावं तशी, डोळ्यांत बघून, मी त्यांच्याशी पहिल्यांदा बोलले.

"डाग न्हाई तो, दादा. माझी खूण हाय. फोटू पास हाय."

भाऊ एकदा माझ्याकडे, एकदा तुमच्याकडे बघत राहिले. मग खिशात हात घालून त्यांनी खिळा काढला, आणि आईला नव्हे, मलाच विचारलं,

"कुठं ठोकू?"

मी त्यांना दुकानात नेलं आणि खुर्चीच्या बरोबर समोरची भिंत दाखवली. सुतक फिटलं की दुकान उघडेन. जो कुणी त्या खुर्चीवर बसेल त्याला मी तुमच्यासारखंच दटावून सांगणार आहे, हलू नका, समोर बघा. आणि समोर तुम्ही असणार.